अद्भुतरम्य कादंबरीतील विश्वाची विशालता आणि वाचकाची तल्लीनता : मराठी परंपरेच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

१८६८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मंजुघोषा’ या कादंबरीच्या प्रस्तावनेत नारो सदाशिव रिसबूड यांनी आपल्या लेखनाची एक कैफियत मांडली आहे. आपल्या समाजातील विवाहाच्या रीती आणि एकंदर राहणी पाहता नित्याच्या आयुष्यात मन रमावे असे फारसे काही घडत नाही. जे रोज अनुभवास येते तेच लिहिले तर ते कोणाला रुचणार नाही. म्हणून मनोरंजक पुस्तक लिहू पाहणाऱ्यास अद्भुताची कास धरणे भाग पडते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. त्यानंतर चारच वर्षांनी, १८७२ मध्ये, काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांचा ‘नावल व नाटक ह्यांविषयीं निबंध’ प्रसिद्ध झाला आणि मराठी कादंबरीतील असंभाव्यतेवर टीकेची झोड उठली. १८८५ साली हरि नारायण आपटे यांची ‘मधली स्थिती’ अवतरली. तेव्हापासून मराठी वाङ्मयेतिहासात अद्भुतरम्य कादंबरीचा निकाल एका परिच्छेदात लावण्याची प्रथा पडली. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१), रिसबुडांची ‘मंजुघोषा’ आणि त्यांच्या पठडीतील इतर कादंबऱ्या असंभाव्य, म्हणून सदोष, असे विधान पदवीच्या वर्गात आजही सांगितले जाते व उत्तरपत्रिकेत लिहिले जाते.

या विधानासमोर एक साधा प्रश्न उभा राहतो. असंभाव्यता हाच दोष असेल, तर अंगठी, जादूगार आणि बोलणारे वृक्ष यांनी भरलेली जे. आर. आर. टॉल्किन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) ही कादंबरी गंभीर वाचकांना इतका काळ का धरून ठेवते? मुग्धा कर्णिक यांनी ती ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने मराठीत आणली आहे. तिचे विश्व ‘मुक्तामाले’च्या विश्वाहून कमी असंभाव्य नाही. तरीही पहिल्या कादंबरीतील जग वाचकाला अफाट वाटते आणि दुसरीतील जग, अरण्ये व राजधान्या कितीही असल्या तरी, एखाद्या वाड्याएवढे वाटते. या फरकाचे कारण अद्भुताच्या प्रमाणात सापडत नाही. ते अन्यत्र शोधावे लागते.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे

१) अद्भुतरम्य कादंबरीत विशालतेचा प्रत्यय कोणत्या घटकांमुळे निर्माण होतो हे स्पष्ट करणे.
२) विशालता आणि वाचकाची तल्लीनता यांचा परस्परसंबंध तपासणे.
३) या निकषांवर एकोणिसाव्या शतकातील मराठी अद्भुतरम्य कादंबरीची खरी उणीव कोणती होती याचा शोध घेणे.

संकल्पना : विस्मय, तल्लीनता आणि कुतूहल

भारतीय काव्यशास्त्रात अद्भुत रसाचा स्थायिभाव विस्मय मानला आहे. विस्मयाला नेहमी एक माप लागते. परिचित वस्तूच्या शेजारी अपरिचित वस्तू उभी राहिल्याखेरीज तिचे मोठेपण जाणवत नाही. केवळ मोठे आकडे लिहिल्याने विशालता निर्माण होत नाही. सहस्र योजने आणि सहस्र क्रोश यांमध्ये वाचकाच्या मनाला भेद करता येत नाही.

तल्लीनतेच्या संदर्भात न. चिं. केळकर यांनी १९२१ च्या बडोदे येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात मांडलेली ‘सविकल्प समाधी’ची कल्पना आजही उपयुक्त आहे. वाचक स्वतःची भूमिका पूर्णपणे न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो आणि या दुहेरी अवस्थेतच वाङ्मयीन आनंदाचे मूळ असते, असे त्यांचे प्रतिपादन होते. कोलरिज याने १८१७ मध्ये वाचकाने आपणहून अविश्वास बाजूला ठेवण्याची कल्पना मांडली होती. टॉल्किन यांनी १९३९ साली परीकथांवर दिलेल्या व्याख्यानात ती अपुरी ठरविली. त्यांच्या मते यशस्वी कथाकार एक दुय्यम विश्व निर्माण करतो. वाचकाचे मन त्यात शिरले की तेथील गोष्टी तेथील नियमांनुसार खऱ्याच असतात. अविश्वास दाबून ठेवण्याचा प्रयत्न करावा लागला तर कथेचा प्रभाव आधीच ओसरला आहे असे समजावे. केळकर आणि टॉल्किन यांच्या भूमिका निरनिराळ्या असल्या, तरी तल्लीनता ही वाचकाने लेखकावर केलेली मेहेरबानी नसून ती रचनेतून कमवावी लागते, या मुद्द्यावर त्यांची सांगड घालता येते.

येथे कुतूहल आणि तल्लीनता यांत भेद करणे आवश्यक आहे. पुढे काय घडते हे जाणण्याची ओढ म्हणजे कुतूहल. ते पाने उलटायला लावते आणि उत्तर मिळताच संपते. त्या विश्वात काही काळ राहावे, कथा संपल्यावरही तेथील वाटा चालू असतील असे वाटावे, ही तल्लीनता होय. मराठी अद्भुतरम्य कादंबरीने आपल्या वाचकांत कुतूहल निश्चित जागविले. तल्लीनतेसाठी लागणारी सामग्री मात्र वेगळी असते.

१. अंतराची किंमत

कादंबरीतील भूगोल नकाशाने मोठा होत नाही, चालण्याने मोठा होतो. टॉल्किन यांनी आधी नकाशा आखला आणि कथा त्याला जुळवून घेतली, असे त्यांनी स्वतः एका पत्रात नमूद केले आहे. फ्रोडो २३ सप्टेंबरला घर सोडतो आणि २५ मार्चला अंगठी नष्ट होते. या सहा महिन्यांतील मुक्काम, थंडी, शिधा आणि पायांचा थकवा यांचा हिशेब कादंबरी ठेवते. रिव्हेंडेलच्या उंबरठ्यापर्यंत पोचायला पहिल्या भागाची बारा प्रकरणे खर्ची पडतात. वाचकाने तेवढा वेळ दिलेला असतो, म्हणून ते अंतर त्याला खरे वाटते.

गोंदिया जिल्ह्यातील वाचकाला हे तत्त्व पुस्तकाविनाही परिचित आहे. सालेकसा तालुक्यातील दरेकसा परिसरात कचारगडची विशाल नैसर्गिक गुहा आहे. माघ पौर्णिमेला तेथे अनेक राज्यांतून गोंड बांधव येतात. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांच्या कथा, गुहेत कोंडलेल्या मुलांची सुटका आणि त्यासाठी हिरासुका पाटालीर याने वेचलेले प्राण, हा गोंड समाजाच्या श्रद्धेचा आणि इतिहासजाणिवेचा भाग आहे. त्याला कल्पित कादंबरीच्या पंक्तीत बसविणे अनुचित ठरेल. तथापि आख्यान आणि भूमी यांचा संबंध कसा असतो हे येथे स्पष्ट दिसते. कथा ज्या डोंगरात घडली त्या डोंगराची चढण भाविक स्वतःच्या पायांनी चढतो. गुहेच्या तोंडाशी उभे राहिल्यावर कथेची विशालता त्याला कोणी पटवून द्यावी लागत नाही. लिंगोचे आख्यान नागपूर येथील मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी टिपून घेतले होते व ते त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केले. म्हणजे मराठीत अद्भुतरम्य कादंबरी बहरात असतानाच, याच प्रदेशातील भूमीशी बांधलेले एक महाआख्यान छापील स्वरूपात उपलब्ध झाले होते. दोहोंची गाठ मात्र पडली नाही.

देवकीनंदन खत्री यांची ‘चंद्रकांता’ (१८८८) ही हिंदी कादंबरी या दृष्टीने बोलकी आहे. नौगढ, विजयगढ, चुनार ही तिच्यातील ठिकाणे खरी आहेत. खत्री यांनी नौगढ-चकिया परिसरातील जंगलांचे ठेके घेतले होते. तेथील दऱ्या, पडके किल्ले आणि भुयारे त्यांच्या परिचयाची होती. त्यामुळे त्यांच्या तिलिस्मात शिरणारा वाचक आधी ओळखीच्या जमिनीवरून चालत आलेला असतो. अर्थात लेखकाने प्रत्यक्ष भटकलेच पाहिजे असा याचा अर्थ नाही. ‘वीरधवल’कार नाथमाधव हे शिकारीच्या वेळी सिंहगडावरून पडून अपंग झाले होते आणि त्यांचे कादंबरीलेखन अंथरुणावरच बहरले. प्रश्न लेखकाच्या प्रवासाचा नसून, पात्रांना प्रवासाची किंमत मोजावी लागते की नाही याचा आहे.

२. काळाची खोली

विशालतेला लांबी-रुंदीप्रमाणे काळाचीही मिती असते. याचे एक उत्कृष्ट उदाहरण याच जिल्ह्याशी नाते सांगणाऱ्या कवीकडे मिळते. आठव्या शतकातील नाटककार भवभूती याने आपल्या घराण्याचे स्थान पद्मपूर असल्याचे स्वतःच सांगितले आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ते आमगावजवळील पदमपूर होय असे प्रतिपादन केले. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा झाला आणि हे गाव नव्या जिल्ह्यात आले.

‘उत्तररामचरिता’च्या दुसऱ्या अंकात सीतात्यागानंतर बारा वर्षांनी राम पुन्हा दंडकारण्यात येतो. जेथे पूर्वी प्रवाह होता तेथे आता वाळवंट झाले आहे. जेथे झाडी दाट होती तेथे ती विरळ झाली आहे आणि विरळ होती तेथे दाट. सारे अनोळखी वाटावे अशा त्या रानात केवळ डोंगर जागचे हललेले नाहीत आणि त्यांच्यावरून हे तेच वन, अशी ओळख पटते. बारा वर्षे लोटली हे विधान कोणालाही करता येते. नदीचे पात्र सरकलेले दाखविले की ती बारा वर्षे प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोरून जातात. बदललेले आणि न बदललेले यांना एकाच चौकटीत ठेवणे हे काळाचे माप होय.

टॉल्किन यांच्या कादंबरीत वेदरटॉप टेकडीवरील भग्न बुरूज हेच कार्य करतो. आजच्या प्रवाशांना तो रात्रीचा निवारा आहे. त्याच वेळी तो एका संपलेल्या राज्याचा अवशेष आहे. कथा वर्तमानात चालते, पण तिच्या पायाखाली पूर्वीच्या कथांचे थर असतात. याउलट ज्या कादंबरीत सर्व महाल नवे, सर्व उद्याने फुललेली आणि सर्व राजे प्रथमच राज्यावर आल्यासारखे असतात, तेथे काळ सपाट होतो.

३. न सांगितलेल्या गोष्टींचे क्षितिज

विस्तार म्हणजे सर्व काही सांगणे, हा एक प्रचलित गैरसमज आहे. दिसणाऱ्या प्रदेशापलीकडे आणखी प्रदेश आहे अशी खात्री पटली की विश्व मोठे होते. आणि ती खात्री अपुऱ्या राहिलेल्या उल्लेखांनी पटते. मोरियाच्या अंधारात वाट काढत असताना ॲरागॉर्न राणी बेरुथिएलच्या मांजरींचा सहज उल्लेख करतो. ही राणी कोण, मांजरी कसल्या, याचा खुलासा कादंबरीत कोठेही नाही. बोलणाऱ्याला तो आवश्यक वाटत नाही, कारण त्याच्या जगात ती गोष्ट सर्वश्रुत आहे. वाचकाला मात्र आपण एका मोठ्या जगाच्या कडेला उभे आहोत याची जाणीव होते.

आपल्या परंपरेत याचा सर्वांत भव्य नमुना गुणाढ्याच्या ‘बृहत्कथे’चा आहे. सातवाहन राजाने पैशाची भाषेतील ही रचना नाकारली तेव्हा गुणाढ्याने रानात अग्नी पेटवून, पशुपक्ष्यांना वाचून दाखवत, सात लक्ष श्लोकांपैकी सहा लक्ष जाळून टाकले आणि राजाला पश्चात्ताप झाला तेव्हा केवळ एक लक्ष उरले होते, अशी कथा सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’च्या आरंभी दिली आहे. काश्मीरमध्ये अकराव्या शतकात रचलेल्या या ग्रंथात एकवीस हजारांहून अधिक श्लोक आहेत. पण त्याच्या अथांगपणाचे कारण केवळ श्लोकसंख्या नाही. हातात असलेला ग्रंथ हा कशाचा तरी उरलेला अंश आहे, हे आरंभीच वाचकाच्या मनावर ठसते. प्रतिष्ठानाशी, म्हणजे मराठवाड्यातील पैठणशी, निगडित असलेली ही आख्यायिका मराठी लेखकाला परकी नव्हती. जळून गेलेल्या कथांनी उरलेल्या कथांना क्षितिज कसे दिले, हा तिच्यातील रचनेचा धडा मात्र एकोणिसाव्या शतकातील कादंबरीकारांनी घेतला नाही. त्यांनी प्रत्येक रहस्याचा उलगडा शेवटच्या प्रकरणात करून टाकला.

४. नियम आणि त्यांचा भार

अद्भुतात काहीही घडू शकते असे मानले की कशालाच महत्त्व उरत नाही. म्हणून अद्भुताला नियम हवेत आणि नियमांना किंमत हवी. ‘चंद्रकांते’तील तिलिस्म वाटेल त्याला तोडता येत नाही, तो ज्याच्या नावे बांधला त्यालाच तो उलगडतो. ऐयारांनाही संकेत आहेत. पकडलेल्या ऐयाराला ठार मारायचे नाही, कैद करायचे, हा त्यांतील एक. या बंधनांमुळे त्यांच्या करामती चमत्कार न राहता कौशल्ये ठरतात.

अर्सुला ले ग्विन यांच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ (१९६८) या कादंबरीत हा विचार अधिक खोलवर गेला आहे. तेथील वृद्ध जादूगार ओगिऑन पावसाला दूर सारू शकत असूनही झाडाखाली भिजत राहतो. कारण येथून हाकललेला पाऊस दुसरीकडे कोठेतरी पडणारच. या एका प्रसंगाने द्वीपसमूहाचे सारे जग एकमेकांना जोडले जाते. एका बेटावरच्या कृतीचा परिणाम दुसऱ्या, न दिसणाऱ्या बेटावर होतो, हे कळल्यावर न दिसणारी बेटेही वाचकासाठी अस्तित्वात येतात. नियम म्हणजे केवळ सुसंगती नव्हे; तो विश्वाच्या दूरच्या भागांना जोडणारा धागा असतो.

५. नावे आणि भाषा

‘मुक्तामाला’, ‘रत्नप्रभा’, ‘मंजुघोषा’, ‘वीरधवल’ ही शीर्षके एकापुढे एक ठेवली तरी एक गोष्ट लक्षात येते. ही सर्व नावे अलंकार आहेत. ती व्यक्तीचे गुण सांगतात, तिचे गाव सांगत नाहीत. एकाच संस्कृत कोशातून आलेल्या नावांनी भरलेल्या जगात सगळीकडे एकच भाषा, एकच रीत आणि एकच हवा असावी असा भास होतो.

टॉल्किन भाषाशास्त्रज्ञ होते. त्यांच्याकडे एकाच टेकडीला दोन भाषांत दोन नावे असतात आणि एकाच जादूगाराला निरनिराळे लोक निरनिराळ्या नावांनी हाक मारतात. नाव बदलले की सीमा ओलांडल्याचे जाणवते. ले ग्विन यांनी १९७३ च्या एका निबंधात याहून पुढचा मुद्दा मांडला : अद्भुतकथेत लेखकाच्या शैलीखेरीज त्या जगाला दुसरा आधार नसतो, पात्रे आजच्या कचेरीतल्यासारखी बोलू लागली की ते जग कोसळते.

मराठीत नामकरणाचे हे सामर्थ्य अद्भुतकथेपेक्षा निसर्गलेखनात अधिक दिसते. मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांनी ‘नवेगावबांधचे दिवस’ आणि इतर पुस्तकांतून याच जिल्ह्यातील जलाशय व अरण्य उभे केले. त्यांच्या लेखनात पक्षी, झाडे आणि पाणवठे स्थानिक नावांनी येतात आणि प्रत्येक नावामागे ते उच्चारणारा माणूस असतो. नवेगावबांधभोवतीच्या डोंगरांना ‘सात बहिणी’ म्हणणाऱ्या लोकांची नजर त्या नावातच सामावलेली असते. हे लेखन कल्पित नाही. पण वाचकाला एका अपरिचित विश्वात वसविण्याची रीत त्यातून शिकता येते. जी. ए. कुलकर्णी यांनी ‘रमलखुणा’ (१९७५) मधील ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दीर्घकथांत दुसरी वाट धरली. कोणत्याही नकाशावर नसलेले प्रदेश आणि मराठी कानाला अनोळखी असणारी नावे यांतून त्यांनी असे जग घडविले की जेथे वाचक पाहुण्यासारखाच वावरतो. मराठीत विशालतेचा प्रत्यय देणारे अद्भुत शक्य आहे, याचा हा भक्कम पुरावा होय. मात्र तो कादंबरीऐवजी कथेने दिला.

६. मानवी माप

विस्मयाला माप लागते, असे आरंभी म्हटले आहे. ते माप म्हणजे कथेतील माणूस. टॉल्किन यांनी महायुद्धाच्या केंद्रस्थानी तीन-साडेतीन फूट उंचीचे, खाण्यापिण्यात रमणारे हॉबिट ठेवले. मॉर्डोरच्या ओसाड रात्री सॅमला ढगांच्या फटीतून एक तारा दिसतो आणि ज्या काळोखाने सारे जग ग्रासले आहे तोही त्या उंचीपुढे किरकोळ आहे असे त्याला वाटून जाते. बागेत काम करणारा एक साधा माणूस, त्याच्याभोवती शत्रूचा मुलूख आणि त्याच्यावर आकाश, अशी ही तीन मापे एका दृश्यात येतात.

मराठी अद्भुतरम्य कादंबरीचा नायक मात्र सर्वगुणसंपन्न असतो. तो रूपवान, शूर, विद्वान आणि सदाचारी असतो. ज्याला कशाचेच नवल वाटत नाही, त्याच्या डोळ्यांनी वाचकालाही नवल दिसत नाही. राजपुत्राला राजवाडा मोठा वाटत नाही. तो मोठा वाटण्यासाठी दाराशी एखादा गुराखी उभा असावा लागतो.

७. मराठी अद्भुतरम्य कादंबरीची खरी उणीव

वरील सहा मुद्द्यांच्या प्रकाशात मूळ प्रश्नाकडे वळता येते. एकोणिसाव्या शतकातील या कादंबऱ्यांचा साचा परिचित आहे. सद्गुणी नायक-नायिकेची ताटातूट होते. दुष्टांची कारस्थाने, अरण्ये, गुहा, चोर, वेषांतरे यांतून कथा पुढे जाते आणि अखेरीस सर्वांची पुनर्भेट घडते. या साच्याला चालना देणारी शक्ती अद्भुत नाही. ती योगायोग आहे. आणि योगायोगाचा परिणाम अद्भुताच्या नेमका उलट असतो.

निबिड अरण्यात हरवलेल्या नायिकेला जो पहिला साधू भेटतो तोच तिच्या कुळाचा हितचिंतक निघाला, की त्या अरण्याचे निबिडपण संपले. दूरदेशीच्या कारागृहात शेजारच्या कोठडीत हरवलेला आप्त सापडला, की तो देश दूर राहत नाही. प्रत्येक अनोळखी माणूस अंती ओळखीचा निघत असेल, तर त्या जगात अनोळखी कोणीच नाही. म्हणजेच ते जग एका कुटुंबाएवढे आहे. अद्भुत विश्वाला मोठे करते, तर योगायोग त्याला लहान करतो. हळबे-रिसबुडांच्या पिढीने पहिल्याने मिळविलेले दुसऱ्याने गमावले.

मराठे यांच्यापासून पुढच्या टीकाकारांनी असंभाव्यतेवर बोट ठेवले ते या अर्थाने योग्यच होते. परंतु त्यांनी दोन प्रकारच्या असंभाव्यता एकत्र केल्या. उडता घोडा ही विश्वाविषयीची असंभाव्यता आहे. वाचक ती एकदा स्वीकारतो आणि पुढे जातो. ऐन वेळी भेटणारा भाऊ ही घटनेविषयीची असंभाव्यता आहे. ती प्रत्येक वेळी नव्याने स्वीकारावी लागते आणि प्रत्येक वेळी वाचकाची समाधी मोडते. हा भेद न केल्यामुळे दोषाबरोबर संपूर्ण प्रकारच त्याज्य ठरला. वास्तववादी कादंबरीला त्यातून मोकळी वाट मिळाली, हा लाभ मोठाच होता. पण योगायोग मात्र गेला नाही. तो सामाजिक आणि कौटुंबिक कादंबरीत, पुढे नाटक-चित्रपटांत सुखेनैव नांदला. हद्दपार झाले ते अद्भुत.

रिसबुडांची कैफियतही या संदर्भात पुन्हा वाचावी लागते. नित्याच्या आयुष्यात रंजक काही नाही, म्हणून अद्भुत, असे त्यांनी मानले. वस्तुतः अद्भुताला नित्याची सर्वाधिक गरज असते. थकलेले पाय, संपत आलेला शिधा, बदललेले नदीपात्र, गावकऱ्यांनी ठेवलेले डोंगराचे नाव या नित्याच्या गोष्टींवरच अफाट विश्वाची मोजदाद होते. नित्याचा त्याग करून अद्भुत लिहू गेल्यामुळे मापच हातातून निसटले.

अध्यापनाच्या दृष्टीने

हा विचार केवळ ऐतिहासिक न्यायापुरता मर्यादित नाही. गोंदिया जिल्ह्यातील वर्गांत मराठी, हिंदी, पोवारी, गोंडी, छत्तीसगढी अशा भाषा घरी बोलणारे विद्यार्थी एकत्र बसतात. त्यांच्यापैकी अनेकांनी अद्भुताची ओळख चित्रपट व मालिकांतून करून घेतलेली असते, तर काहींनी ती आजी-आजोबांकडून ऐकलेली असते. त्यांना ‘अद्भुतरम्य म्हणजे असंभाव्य’ एवढेच सूत्र दिले, तर जे त्यांना आवडते ते हीन आहे एवढाच संदेश पोचतो आणि चांगले-वाईट निवडण्याचे साधन हाती येत नाही. याऐवजी काही प्रश्न देता येतात. येथे अंतराला किंमत आहे का? काळाच्या खुणा आहेत का? कथेबाहेर काही उरते का? नियम कोणाला बांधतात? नावे कोणाच्या तोंडची आहेत? विस्मय कोणाच्या डोळ्यांनी दिसतो? हे प्रश्न ‘मुक्तामाले’ला जसे विचारता येतात तसेच नव्या चित्रपटालाही विचारता येतात.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. तल्लीनता हे स्वयमेव वाङ्मयीन मूल्य नाही. केळकरांनी समाधीला ‘सविकल्प’ म्हटले ते सहेतुक होते. वाचकाचे स्वतःचे भान पूर्णतः हरपले तर उरते ती गुंगी. चांगली अद्भुतरम्य कादंबरी वाचकाला दूर नेते आणि त्या अंतरावरून त्याचे स्वतःचे जग पुन्हा दाखविते.

निष्कर्ष

१) अद्भुतरम्य कादंबरीतील विशालता वर्णनाच्या विस्तारावर अवलंबून नसते, ती अंतर, काळ, न सांगितलेले, नियम, नावे आणि मानवी माप यांच्या परस्परसंबंधातून निर्माण होते.
२) कुतूहल आणि तल्लीनता या भिन्न अवस्था आहेत. पहिली घटनांच्या वेगातून, तर दुसरी विश्वाच्या सलगतेतून साधते.
३) एकोणिसाव्या शतकातील मराठी अद्भुतरम्य कादंबरीची मुख्य उणीव अद्भुतात नव्हती, ती योगायोगाच्या अतिरेकात होती. योगायोगाने तिचे विश्व संकुचित केले.
४) ‘बृहत्कथे’ची आख्यायिका, भवभूतीचे दंडकारण्य, लिंगोचे आख्यान, चितमपल्लींचे अरण्य आणि जी. एं.ची कथा यांत विशाल विश्वाच्या निर्मितीची सामग्री मराठी लेखकाच्या आवाक्यातच होती व आहे.

वाङ्मयेतिहासातील तो एक परिच्छेद पुसून टाकण्याचे कारण नाही. तो पुन्हा लिहिण्याची मात्र गरज आहे. पदमपूरच्या कवीने बदललेल्या रानात न हललेल्या डोंगरांवरून वाट ओळखली. मराठी अद्भुतरम्य कादंबरीचे पुनर्वाचन करणाऱ्या अभ्यासकालाही तशाच स्थिर खुणांपासून आरंभ करावा लागेल.